पयले पानी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या टाकीतली झोआ नावाच्या प्रवाळांची वसाहत मिटली. चाळीसेक पॉलिप, म्हणजे फुलासारखे उमलणारे बारीक जीव, होते. रोज सकाळी दिवे लागले की अर्ध्या तासात ते उमलत. हिरवी किनार, मधोमध केशरी तबकडी, भोवती पापण्यांसारखी बारीक शुंडकं. त्या दिवशी दुपार झाली तरी सगळे उडदाच्या दाण्यासारखे आवळून बसलेले होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

माझं घर तिरोड्याला, गोंदिया जिल्ह्यात. इथून कोणताही समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. मुंबईला निघालेला माणूस रात्रभर गाडीत झोपून दुसऱ्या दिवशी लाटा पाहतो. अशा गावात पुढच्या खोलीतल्या उत्तरेच्या भिंतीला टेकून साठ लिटरची एक काचेची टाकी आहे आणि तिच्यात समुद्राचं पाणी आहे. ते मी घरीच बनवतो. आरओच्या पाण्यात पिशवीतलं सागरी मीठ मोजून घालायचं, रात्रभर ढवळत ठेवायचं, सकाळी क्षारता तपासायची. त्या पाण्यात झोआ, एक लेदर, थोडी झेनिया आणि दोन मशरूम अशी मऊ प्रवाळांची वसती आहे. यातल्या झोआ आणि मशरूम शास्त्राच्या हिशेबाने खऱ्या मऊ प्रवाळांत बसत नाहीत. खऱ्या मऊ प्रवाळाच्या पॉलिपला आठ शुंडकं असतात आणि प्रत्येकाला पिसासारख्या कडा असतात. झोआंची शुंडकं साधी आणि पुष्कळ. पण पाळणाऱ्यांच्या बोलण्यात दगडी सांगाडा नसलेली ही सगळी मंडळी मऊच.

मिटलेल्या वसाहतीला मी आयोडीनच्या पाण्यात बुडवून काढलं. सुधारणा दिसली नाही, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा बुडवलं. काही पॉलिपांच्या देठांवर सुरकुत्या पडल्या. चौथ्या दिवशी लेदरने मान टाकली आणि झेनियाची धडधड मंदावली. तेव्हा कुठे मला कळलं की मी रोग्याला औषध देत सुटलो होतो, रोग कुठे आहे हे न पाहता. त्या चुकीतून बाहेर यायला मला दोन गोष्टींनी मदत केली. एक चोरखमाऱ्याची बोडी, म्हणजे लहान तळं, आणि दुसरी हायड्रा नावाच्या जीवावर झालेलं संशोधन. या लेखात त्या वाटेची हकीकत सांगायची आहे, कारण मुका जीव आजारी पडला की काय पाहावं, कोणत्या क्रमाने पाहावं, हे मला त्या वाटेवर शिकायला मिळालं.

चोरखमाऱ्याची बोडी

चोरखमारा तिरोडा तालुक्यातलंच गाव. नागझिऱ्याच्या जंगलात जाणाऱ्यांना ते ठाऊक असतं, कारण अभयारण्याचं एक प्रवेशद्वार तिथे आहे. जंगलाच्या कडेला मातीच्या बांधाने अडवलेला मोठा जुना तलाव आहे. आमच्याकडे तलावांचं अप्रूप नाही, ते घरातल्या माणसांसारखे असतात. भंडारा-गोंदियाच्या मुलखात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, मालगुजारांच्या काळात ते मालगुजारी तलाव झाले आणि आता कागदोपत्री माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. शेताजवळ लहान साठवण असेल तर ती बोडी. या पाण्यावर धान पिकतो, शिंगाडा पिकतो आणि ढिवर समाजाची चूल पेटते.

त्या मे महिन्यात मी चोरखमाऱ्याला गेलो तो एका माजी विद्यार्थ्याच्या घरच्या कामाने. संध्याकाळी त्याच्या वडिलांबरोबर गावाजवळच्या बोडीवर गेलो. ते आयुष्यभर मासेमारी करत आलेले. बोलता बोलता माझ्या टाकीचा विषय निघाला. मिटलेले पॉलिप, दिलेलं औषध, सगळं मी सांगितलं. त्यांनी प्रवाळ कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘पयले पानी पाहा लागते गुरुजी, मंग मासोरी.’

मग त्यांनी बोडीचं पाणी कसं पाहायचं ते दाखवलं. कडेची माती ओंजळीत घेऊन वास घ्यायचा. पाण्याचा रंग सकाळी एक असतो, दुपारी दुसरा, दोन्ही पाहायचे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यात श्वास उरलेला नाही. वनस्पती आणि शेवाळ रात्रभर प्राणवायू वापरतात, बनवत मात्र नाहीत, त्यामुळे सूर्य उगवण्याआधीची वेळ पाण्याची सगळ्यात कठीण घडी असते. दुपारी पाहणाऱ्याला तीच बोडी ठणठणीत वाटेल. पाहण्याची वेळ चुकली की निदान चुकतं, एवढं मी तिथे शिकलो.

निघताना त्यांनी पाण्यातल्या हिरव्या काड्यांचा एक झुबका माझ्या बाटलीत टाकून दिला. शाळेत मुलांना दाखवायला म्हणून मीच मागितला होता. दुसऱ्या दिवशी बाटली खिडकीत स्थिर झाली आणि भिंगातून पाहिलं, तर एका पानाच्या खालच्या बाजूला सुतासारखे चार जीव लोंबत होते. प्रत्येकाच्या टोकाला पाच-सहा बारीक धागे. हायड्रा.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मी तो वर्षानुवर्षं शिकवत आलो. मुकुलायन, पुनर्जनन, दंशपेशी, शुंडकं हे सगळं फळ्यावर काढत आलो. पण त्या सकाळी पहिल्यांदा नीट मनात आलं की हा तर प्रवाळाचा चुलतभाऊ. एकाच संघातले, एकाच बांध्याचे. नळीसारखं शरीर, वर तोंड, तोंडाभोवती शुंडकांचं कडं, खाली चिकटायला पाय. एक गोड्या पाण्यात एकटा राहिला, दुसरा समुद्रात वसाहत करून राहिला. समुद्रापासून इतक्या दूर, माझ्या घरापासून तासाभरात पोचता येईल अशा बोडीत पॉलिप लोंबत होते आणि मी त्यांना आजवर पुस्तकातच पाहत होतो.

दहा गुणांचा जीव

हायड्राची ओळख जगाला करून देणारा माणूसही शिक्षकच होता. अब्राहम ट्रेंबले हा स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचा. हॉलंडमध्ये हेग शहराजवळच्या एका सरदाराघरी तो दोन मुलांना शिकवायला होता. 1740 मध्ये खंदकातल्या पाण्याच्या बरणीत त्याला हिरवे हायड्रा दिसले. ही वनस्पती की प्राणी, हा त्याला पडलेला प्रश्न. त्याने एक हायड्रा आडवा कापला. दोन्ही तुकडे मेले नाहीत, दोन्हींचे पूर्ण हायड्रा झाले. 1744 मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथाने युरोपातले विद्वान थक्क झाले. मला त्यातलं सगळ्यात भावतं ते त्याचं बरण्यांसमोर बसून राहणं. तो महिनोन्‌महिने, वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या वेळी पाहत राहिला.

महाराष्ट्रातही हायड्राकडे असं बारकाईने पाहणारी माणसं आहेत. पुण्याची आघारकर संशोधन संस्था 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झाली, वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर हे तिचे पहिले संचालक. तिथे डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रावर दीर्घकाळ काम केलं. पुण्याच्या पाण्यातल्या हायड्राचं वर्णन आणि वंशनिदान करून त्याला ‘हायड्रा वल्गॅरिस इंड-पुणे’ हे नाव त्यांनी दिलं. पुनर्जनन कसं होतं, डीएनएची दुरुस्ती करणारी जनुकं या जीवात कशी आहेत, अशा प्रश्नांसाठी हा जीव त्यांनी वापरला. प्रयोगशाळेत हायड्राला आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाची नुकती फुटलेली पिल्लं खायला घालतात. माझ्या टाकीतल्या पॉलिपांना मीही तेच घालतो.

हायड्रा आणखी एका कामासाठी जगभर वापरला जातो, पाण्यातलं विष ओळखण्यासाठी. पाण्यात तांबं, जस्त, कॅडमियम यांचा अंश वाढला की त्याचं शरीर ठरावीक क्रमाने बिघडत जातं. विल्बी या संशोधकाने 1980 च्या दशकात या क्रमाला गुण दिले. दहा गुण म्हणजे शुंडकं लांब पसरलेली, शरीर सैल, स्पर्शाला लगेच प्रतिसाद. नऊ म्हणजे थोडं आखडलेलं, हालचाल मंद. आठ म्हणजे शुंडकांच्या टोकांना गाठी, गदेसारख्या. सातला शुंडकं आखूड होतात, सहाला शरीरही. पाचला सगळा जीव गोळा होऊन ट्युलिपच्या कळीसारखा दिसतो. इथून खाली गेलेला हायड्रा सहसा परत येत नाही. शून्य म्हणजे विरघळून गेलेला.

हा तक्ता वाचला त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. या जीवाला आवाज नाही, डोळे नाहीत, चेहरा नाही. पण त्याची बसण्याची ढब हीच त्याची नाडी आहे, आणि ती शून्य ते दहा अशी वाचता येते. मग माझ्या झोआंची नाडी का वाचता येऊ नये?

ढब वाचताना

मी एक वही केली. रोज तीन वेळा, दिवे लागल्यानंतर दोन तासांनी, दुपारी आणि दिवे मालवण्याआधी, प्रत्येक वसाहतीला गुण द्यायचे. त्याच कोनातून फोटो काढायचा. वहीच्या डाव्या पानावर जीव आणि उजव्या पानावर पाणी. पुढे कित्येक महिने ही वही चालली. अनुभवी पाळणाऱ्यांशी बोलून, वाचून आणि स्वतः पाहून तिच्यात काय काय जमा झालं, ते इथे मांडतो.

पहिला प्रश्न विचारायचा तो ‘किती जण मिटले’ हा. सगळी टाकी एकाच दिवशी आखडली तर दोष पाण्यात. क्षारता, तापमान, अमोनिया, अल्कलिनिटीत अचानक पडलेला फरक, किंवा बाहेरून पडलेलं काही. घरात मच्छर मारायची फवारणी झाली, रंगकाम झालं, हाताला मलम होतं, तर तेही पाण्यात उतरतं. एकच वसाहत मिटली आणि शेजारी ठणठणीत असेल तर दोष त्या जागेचा. प्रवाह सरळ अंगावर येतोय, वरच्या खडकाची सावली पडलीय, रात्री एखादा खेकडा अंगावरून चालतोय किंवा शेजारच्या प्रवाळाशी भांडण चाललंय. एकाच वसाहतीची एकच कड मिटली तर नजर तिथेच रोखायची, तिथे गाळ साचलेला किंवा कुणी चावे घेणारं लपलेलं सापडतं.

दुसरा प्रश्न, किती वेळ मिटले. बहुतेक झोआ रात्री मिटतात, तो आजार नाही. लेदर तर अधूनमधून आठवडाभर मिटून राहतं. त्याच्या अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा चढतो आणि नवा पाळणारा घाबरतो. खरं तर ते साचलेलं शेवाळ आणि कचरा टाकून देण्यासाठी कात टाकत असतं. प्रवाह थोडा वाढवला की पापुद्रा सुटतो आणि खालून स्वच्छ अंग निघतं. इथे औषध घालणं म्हणजे कात टाकणाऱ्या सापाला मलमपट्टी करणं.

तिसरा प्रश्न देठाचा आणि रंगाचा. झोआंचे देठ लांबत चालले, माना उंच करून वर बघू लागले, तर उजेड कमी पडतोय. उलट पॉलिप खडकाला चिकटून पसरट झाले, रंग फिका पडू लागला, तर उजेड जास्त. हा रंग कशाचा, ते समजलं की बाकीचं समजतं. पॉलिपच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, झूझॅन्थेली. ते उजेडात अन्न बनवतं आणि बरंचसं यजमानाला देतं. पॉलिप त्याला आसरा देतो आणि आपला टाकाऊ नायट्रोजन त्याला खत म्हणून मिळतो. उष्णता वाढली किंवा उजेड सोसवला नाही की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडतं आणि पॉलिप पांढुरका होतो. पांढरा झालेला पॉलिप मेलेला नसतो, उपाशी असतो. वेळेवर पाणी सुधारलं तर शैवाल परत वस्तीला येतं. हिरव्या हायड्राच्या पेशींतही असाच शैवालाचा बिऱ्हाडकरू असतो. चोरखमाऱ्याच्या बोडीचं आणि प्रवाळबेटाचं गणित इथपर्यंत सारखं आहे.

झेनियाची गोष्ट वेगळी. तिचे पॉलिप मुठीसारखे उघडझाप करत राहतात. ही धडधड कशासाठी, याचा उलगडा 2013 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी केला. तांबड्या समुद्रातल्या झेनियाच्या जवळच्या नातलगावर केलेल्या प्रयोगांत त्यांना दिसलं की धडधडीमुळे अंगाभोवतीचं पाणी हलतं, पेशींतला जास्तीचा प्राणवायू बाहेर निघतो आणि प्रकाशसंश्लेषण कित्येक पटींनी वाढतं. म्हणून झेनिया मंदावली की समजायचं, उजेड, आम्लता किंवा हालचाल यांत काहीतरी बिनसलंय. माझ्या टाकीत ती आधी मंदावली आणि मग लेदर झुकलं. सगळी टाकीच बोलत होती आणि मी एका वसाहतीला औषध पाजत होतो.

चौथी तपासणी रात्रीची. दिवे मालवून दोन तास झाले की लाल टॉर्च घेऊन बसायचं. झोआ खाणारे काही बारीक न्युडिब्रँक असतात, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी. खाल्लेल्या पॉलिपचा रंग त्यांच्या अंगावर चढतो, त्यामुळे दिवसा ते शोधूनही सापडत नाहीत. काळी-पांढरी चौकट असलेला चपटा शंख, समुद्री कोळी हेही दिवसा दडून बसतात. देठांवर मोहरीएवढे पांढुरके फोड दिसले तर तो झोआ पॉक्स. तपकिरी, बुळबुळीत, दुर्गंधी येणारा लगदा दिसला तर त्यात एकपेशी जीव आणि जिवाणू ऊतक खात असतात. तेवढा भाग लगेच कापून वेगळा करावा लागतो, नाहीतर शेजारीही लागण होते.

माप चुकलं

आता माझ्या टाकीकडे. सगळे आखडले, म्हणजे दोष पाण्यात. अमोनिया तपासला, शून्य. नायट्रेट दहाच्या आत. अल्कलिनिटी ठीक. तापमान मात्र 29 ते 30 अंशांच्या मध्ये. विदर्भातला मे, दुपारी बाहेर 45 अंश, वीज गेली की कुलरही बंद. पाण्यावर छोटा पंखा लावला होता, त्याने तापमान एक-दोन अंश उतरतं, पण त्या बदल्यात पाणी उडतं. रोज दीड-दोन लिटर. उडतं ते फक्त गोडं पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून भरही गोड्या आरओ पाण्याचीच घालायची असते. मी ती नियमाने घालत होतो. क्षारता रोज मोजत होतो आणि रोज 35 येत होती. समुद्राच्या पाण्यात साधारण इतकीच असते, किलोमागे 35 ग्रॅम क्षार.

वहीचं उजवं पान निर्दोष होतं आणि डावं पान दिवसेंदिवस खाली जात होतं. चार, तीन, तीन, दोन.

मग बोडीवरची ओंजळ आठवली. पाणी पाहायचं ते आपल्या डोळ्यांनी आणि नाकाने, आणि ज्या साधनाने पाहतो तेही पाहायचं. क्षारता मोजायचं माझं भिंगाचं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, मी कधीतरी साध्या आरओ पाण्याने शून्यावर लावलं होतं आणि निश्चिंत झालो होतो. साध्या पाण्यात शून्य दाखवणारं यंत्र खारट पाण्यात खरं बोलेलच असं नाही. त्यासाठी 35 क्षारतेचं प्रमाणित द्रावण मिळतं. ते मागवलं. थेंब ठेवला, यंत्राने 30 दाखवले.

म्हणजे मी 35 समजून ज्या पाण्यात पॉलिप ठेवले होते ते 40 च्या आसपासचं होतं. तांबडा समुद्र एवढा खारा असतो आणि तिथे प्रवाळ उत्तम जगतं हे खरं, पण तिथले जीव पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात घडलेले आहेत. माझे पॉलिप काही आठवड्यांत तिथे ढकलले गेले आणि वर उष्णता. खाऱ्या पाण्यात पॉलिपच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, उष्णतेने श्वासाची गरज वाढते आणि गरम, खारट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात मी आयोडीन दोनदा चोळलं होतं.

दुरुस्तीही घाईने करायची नसते. एका दिवसात 40 वरून 35 वर आणलं असतं तर तोही तेवढाच मोठा धक्का झाला असता. रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच गोडं घालायचं, दिवसाला एक अंकाहून जास्त उतार द्यायचा नाही. सहा दिवस लागले. सातव्या दिवशी झेनिया धडधडू लागली. नवव्या दिवशी झोआंच्या कडेचे पाच पॉलिप उघडले. वहीत मी पाच लिहिले. महिन्याभराने नऊ आले. सहा पॉलिप मात्र गेले, ज्यांच्या देठांवर दुसऱ्या बुडवणीनंतर सुरकुत्या आल्या होत्या ते. ते औषधाने गेले असं मी मानतो.

औषधाआधी

औषधं नकोतच असं मी म्हणत नाही. पॉक्स, न्युडिब्रँक, तपकिरी लगदा यांवर बुडवणीचे उपाय आहेत आणि ते उपयोगी पडतात. पण बुडवणी स्वतःच एक आघात असते. पाणी निर्दोष असल्याची खात्री असलेल्या, ताकद शिल्लक असलेल्या वसाहतीलाच तो सोसतो. माशांसाठीच्या तांब्याच्या औषधांचा तर एक थेंबही प्रवाळाच्या टाकीत जाता कामा नये. माशाला बरं करणारं तांबं बिनकण्याच्या जीवांना विष असतं. हायड्राचा तक्ता तांब्याच्या अशा अंशांवरही पडताळला गेला आहे.

एक धोका मात्र पाळणाऱ्यालाच असतो आणि तो प्रत्येकाला माहीत हवा. झोआ आणि त्यांचे जवळचे नातलग पॅलिथोआ यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. हवाई बेटांवरच्या एका पॅलिथोआतून 1971 मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं. झोआ चिकटलेला खडक साफ करण्यासाठी कधीही उकळू नये, गरम पाण्याचा फवारा मारू नये, कोरडा घासू नये. वाफेतून हे विष श्वासात गेल्याने घरातली सगळी माणसं ताप, धाप, छातीत दुखणं घेऊन रुग्णालयात गेल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत घडल्या आहेत. वसाहत कापताना हातमोजे आणि चष्मा घालावा, हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये. लहान मुलं असलेल्या घरात मी हे कागदावर लिहून टाकीवर चिकटवायला सांगतो.

बोटातलं पोवळं

आमच्याकडे प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतलं पोवळं आठवतं. मंगळाचं रत्न. ते तांबडं पोवळं भूमध्य समुद्रातल्या कोरॅलियम नावाच्या प्रवाळाचा आस असतो आणि तो प्रवाळ आठ शुंडकांच्या, म्हणजे मऊ प्रवाळांच्याच कुळातला आहे. जिवंतपणी त्या लाल फांदीवर पांढऱ्या पिसासारखे पॉलिप उमललेले असतात. भारतीय लोक पोवळ्याला रोमन लोक मोत्याला देतात तेवढं मोल देतात, असं पहिल्या शतकातल्या प्लिनीने लिहून ठेवलं आहे. दोन हजार वर्षं हे आपण बोटात घालत आलो आणि त्यात कधीकाळी जीव होता हे विसरलो.

कायदा ते विसरलेला नाही. 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आले, वाघाच्या पंक्तीला. नागझिऱ्याच्या वेशीवर राहणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. झोआ आणि मशरूम त्या यादीत नाहीत, पण म्हणून समुद्रातून उपटलेले घ्यावेत असं होत नाही. घरच्या टाकीत वाढलेल्या वसाहतीचा तुकडा, ज्याला आम्ही फ्रॅग म्हणतो, तोच घ्यावा आणि देणाऱ्याला तो कुठून आला हे विचारावं. तुकड्यातून पूर्ण वसाहत होते, हे ट्रेंबलेच्या कात्रीने पावणेतीनशे वर्षांपूर्वीच दाखवलं आहे.

ज्यांना टाकी नको पण झोआ पाहायच्या आहेत त्यांनी हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोटीला कोकणच्या किंवा मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर जावं. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने शहरातल्या लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन हे जीव दाखवले. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहे, हे अनेक मुंबईकरांना किनारी रस्त्याच्या कामामुळेच कळलं. 2020 मध्ये तिथल्या प्रवाळांच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. ओहोटीत उघड्या पडलेल्या झोआ तिथेही मिटलेल्या असतात, अंगात पाणी धरून. पाणी परत येईल या खात्रीने त्या तशा राहतात.

समुद्र मोठा आहे, म्हणून त्याचं पाणी बिघडत नाही असं आपण समजत होतो. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या सागर व हवामान संस्थेने जगभरातल्या प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. आपल्या लक्षद्वीपमध्येही त्या उन्हाळ्यात प्रवाळ पांढरं पडलं. तिथे शेकडो किलोमीटरभर सगळे एकदम मिटले, म्हणजे दोष पाण्यात, हे निदान माझ्या वहीच्या पहिल्याच ओळीतलं आहे. तिथे मोठा फरक एवढाच की काढून टाकायला दुसरं पाणी नाही. उष्णता जिथून येते तिथेच ती थांबवावी लागेल.

वर्गातली बरणी

आता शाळेत खिडकीजवळ एक बरणी असते. तिच्यात बोडीचं पाणी, पाणवनस्पती आणि हायड्रा. दहावीची मुलं रोज गुण देतात. वहीची दोन पानं त्यांनाही घालून दिली आहेत, डावीकडे जीव आणि उजवीकडे पाणी. तापमान, वास, रंग, पाणी शेवटचं कधी बदललं ते.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी भिंगातून पाहून नऊ म्हणालो. चोरखमाऱ्याहून येणारा एक मुलगा शेजारी उभा होता. त्याने भिंग मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि आठ म्हणाला. दोन शुंडकांच्या टोकांना त्याला बारीक गाठी दिसल्या होत्या. मी पुन्हा पाहिलं. त्या होत्या.

काय झालं असेल, यावर वर्गात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं खाणं कमी पडलं, कोणी म्हणालं उजेड. तो मुलगा काही बोलला नाही. त्याने बरणीचं झाकण काढलं, वास घेतला आणि थर्मामीटर आणायला कपाटाकडे गेला.